दिगंबरराव, हे लेखी देतोय

दिगंबरराव, तुमच्या तेराव्याला पंगत उठल्यावर मी कुठे होतो, ओळखा. फरीदाबादच्या तुमच्या गच्चीवर. आदल्या दिवशी चांगला पाऊस झाला होता आणि आचाऱ्याच्या माणसांनी रिकामी भांडी तिथेच सोडली होती. दोन पातेली, एक टब, प्लास्टिकचे ग्लास, आणि कोपऱ्यात शेजाऱ्यांचा जुना टायर, त्यात वाटीभर पाणी. मी एकेक वस्तू उपडी करत सुटलो. टायर भिंतीला उभा केला, मग आठवलं की उभ्या टायरमध्येही पाणी राहतं, म्हणून त्याला उचलून झटकायला लागलो. तेवढ्यात कुणीतरी वर आलं, मला टायरशी झोंबताना बघितलं, आणि खाली जाऊन सांगितलं की मोहनरावांना फार लागलंय, त्यांना जरा एकटं राहू द्या.

लागलं होतंच. पण तेव्हा माझ्या डोक्यात तुमचा आवाज चालू होता. "मूठभर पाणी पुरतं त्यांना, मोहनराव. मूठभर!" सव्वीस वर्षं तो आवाज ऐकला आणि सव्वीस वर्षं त्याला वैतागलो. आता तो बंद झाला तर माझे हात आपोआप त्याच्याच हुकमाने चालायला लागले.

आपण साडू. दोन बहिणींनी आपल्याला एकमेकांच्या गळ्यात बांधलं, आपल्याला कुणी विचारलं नाही. तुम्ही मोठ्या उषाताईंचे, मी धाकट्या सुनंदाचा. सांगलीच्या सासुरवाडीत पहिला पाट तुमचा, पहिली गरम पोळी तुमची, आणि माझ्या वाट्याला तुमची तारीफ. मी दिल्लीत मंत्रालयात फायली हलवणारा, आणि तुम्ही सरकारच्या डासांच्या खात्यात. माझ्या लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी तुमची ओळख करून दिली, "हे आमचे मोठे जावई, दिल्लीलाच असतात, डासांचे साहेब." मला हसू आवरेना. तुम्ही मात्र गंभीर चेहऱ्याने विचारलंत, "तुमच्या क्वार्टरला कूलर आहे? त्यातलं पाणी कितव्या दिवशी काढता?" लोक होणाऱ्या जावयाला पगार विचारतात, शिक्षण विचारतात. मला कूलर विचारला गेला, आणि मला उत्तर येत नव्हतं.

दिल्लीतल्या आपल्यासारख्या सरकारी मराठी माणसाला दोन मोठे सण असतात, एक गणपती आणि दुसरा एलटीसी. सरकारच्या खर्चाने देश बघायची ही सवलत मुदतीत वापरली नाही तर वाया जाते, आणि या एका धास्तीपायी आपली माणसं कुठे कुठे जाऊन येतात! आपली दोन्ही घरं ती एकत्र घ्यायची. जागा तुम्ही निवडायचात, कारण नकाशाचं वेड तुम्हाला. आणि निवड ठरलेली: समुद्र, खाडी, नारळ, दमट हवा. डासांच्या माणसाला सुट्टीतही डासांचाच मुलूख का लागावा, हे मला कळायचं नाही. विचारलं तर म्हणायचात, "ऑफिसात मेलेले बघतो यार, सुट्टीत जिवंत बघू द्या."

पण ते आपल्या कुणाच्या अंगावर बसलेले चालायचे नाहीत. निघायच्या आठ दिवस आधी तुमचा फोन यायचा. फिक्या रंगाचे, फुल बाह्यांचे, सैल कपडे. पायमोजे. मच्छरदाण्या तुम्ही आणणार, दोऱ्या मी आणायच्या. अंगाला लावायचं डासांचं क्रीम हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. "आणि आधी उन्हाचं क्रीम, ते मुरलं की मग हे. उलटं करू नका." मी सुनंदाला म्हणायचो की नवरीला हळद लावताना इतके नियम नसतात.

कोकणातल्या एका किनाऱ्यावरचा आपला फोटो अजून माझ्या कपाटावर आहे. मागे निळा समुद्र, पुढे आपण पाच जण, पाचही जण मनगटापर्यंत झाकलेले, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. तिथून चाललेल्या एका माणसाने मला अदबीने विचारलं होतं, "साहेब, रस्ता रुंद होणार का?" त्याला वाटलं मोजणीचं पथक आलंय. तुम्ही इतके खूश झालात की त्याला पंधरा मिनिटं शहाळ्याच्या रिकाम्या कवट्यांबद्दल समजावून सांगितलंत.

माझी लेक मुक्ता तेव्हा लहान, पण दिल्लीत वाढलेली, त्यामुळे वाद घालण्यात तयार. "काका, ये टू मच है यार. मच्छर तर संध्याकाळी येतात ना?"

"ते वेगळे, बेटा. डेंग्यूवाला डास आपल्या बाबांसारखा असतो. ऑफिसची वेळ पाळतो. सकाळी ऊन वर यायला लागलं की कामावर, दुपारी जरा ढिलाई, आणि संध्याकाळी घरी जायच्या आधी पुन्हा एक राउंड."

"आणि बाबा दुपारी झोपतात तेव्हा?"

"म्हणून तर बाबांना दुपारीही मच्छरदाणी."

आणि खरोखरच तुम्ही मला भर दुपारी जाळीत घालायचात. त्यावर आपलं जे भांडण झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. माझा भरवसा विजेच्या रॅकेटवर. चट्ट आवाज आला की कसं समाधान होतं. तुम्ही तिच्याकडे तुच्छतेने बघायचात. "हे टेनिस झालं, मोहनराव. डासाला मारायचं नसतं, त्याला जन्मालाच येऊ द्यायचं नसतं." मी म्हणायचो, जन्माला आलेल्याचं काय करायचं ते बोला. तुम्ही म्हणायचात, तो माझ्या खात्याचा पराभव आहे, त्यावर मी बोलणार नाही. मी अजूनही रॅकेटच्या बाजूने आहे. तुम्ही गेलात म्हणून मी हा मुद्दा सोडणार नाही.

हे सगळं मी इतकं रंगवून सांगतोय, कारण पुढे जे सांगायचंय तिकडे पाय वळत नाहीत. तुमच्याबद्दल अकरा वर्षं एक खोटी गोष्ट नातेवाइकांत फिरते आहे. ती खोटी आहे हे दोघांनाच माहीत होतं, तुम्हाला आणि मला. त्यातले तुम्ही आता नाही.

अकरा वर्षांपूर्वीचा तो केरळचा प्रवास. दसऱ्याची सुट्टी, मुक्ता चौदा वर्षांची. निघायच्या आदल्या दिवशी तुमचा फोन आला, तो प्रवासाचा नव्हता, मागे राहणाऱ्या घराचा होता. कूलर कोरडा करून पुसला? बादल्या उपड्या? फ्रिजच्या मागचा ट्रे? कमोडचं झाकण? कुंड्यांखालच्या बशा? मी प्रत्येकाला "हो" म्हटलं आणि शेवटी म्हणालो, "सगळं झालं, निश्चिंत राहा."

सगळं झालं नव्हतं. लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या त्या बाल्कनीत सुनंदाची गवती चहाची, कढीपत्त्याची, अळूची रोपं होती. सांगलीहून आणलेली, जिवापाड जपलेली. ती म्हणाली होती, कुंड्या खालच्या मजल्यावर देऊन या, ते पाणी घालतील. मला कंटाळा आला. मग मला एक अक्कल सुचली. तिच्या माहेरची मोठी पितळी परात काढली, बाल्कनीत ठेवली, सगळ्या कुंड्या तिच्यात उभ्या केल्या आणि परात काठोकाठ पाण्याने भरली. अकरा दिवस झाडं आपापलं पाणी पितील. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. फोनवर तुम्हाला हे सांगायला तोंड उघडलंही होतं, पण तुम्ही काय म्हणाल हे माहीत होतं, म्हणून मिटलं.

केरळात तुम्ही शोधलेलं ते घर, पाण्याच्या काठी, नारळांत. घराच्या मालकीणबाईंना सगळे अम्मा म्हणायचे. दारातच पितळेचं पसरट भांडं, त्यात पाण्यावर सोडलेली फुलं. चपला काढायच्या आधी तुम्ही त्यात टॉर्च मारलात. "पानी रोज बदलती हैं?" अम्मांना हिंदी येत नव्हती, पण टॉर्चची भाषा कळली. त्यांनी तुमच्याकडे रोखून बघितलं, भांडं उचललं, सगळं पाणी तुमच्या पायांपाशी ओतलं, विहिरीचं ताजं भरलं, फुलं परत सोडली आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तुम्ही वाकून नमस्कार केलात. "बिल्कुल सही." उषाताईंनी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून तुमची दोघांची जोडी जमली. सकाळी चहाच्या आधी तुम्ही पुढे, डासांच्या अळ्या शोधायचा लांब दांड्याचा पांढरा डाव घेऊन, आणि अम्मा मागे, पदर खोचून. नारळाच्या करवंट्या, होडीच्या तळातलं पाणी, केळीच्या पानांच्या बेचक्या. एक शब्द एकमेकांचा कळत नव्हता, पण तिसऱ्या दिवशी अम्मा तुम्हाला स्वतःच्या मैत्रिणीच्या घरी तपासणीला घेऊन गेल्या. आम्ही होडीत बसून मासे खात होतो आणि तुम्ही सुट्टीवर असून पूर्ण गाव साफ करत होतात. आठ दिवस मी माझ्या हातापायांवर एक तरी लाल गांध शोधत होतो, तुम्हाला दाखवून हिणवायला. सापडली नाही.

दिल्लीला परतलो. अळू नुसतं माजलं होतं. सुनंदा खूश, मी त्याहून खूश. "बघितलंस माझं डोकं?" परात तशीच राहू दिली, आणखी थोडे दिवस. प्रवास संपला म्हणून फुल बाह्याही संपल्या. मुक्ता हाफ पँट घालून सकाळ-संध्याकाळ त्याच बाल्कनीत अभ्यास करायची, कुंड्यांच्या शेजारी.

परतल्याच्या बाराव्या दिवशी तिला ताप भरला. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणाली, हाडं दुखतायत म्हणाली. मी घरातली अंगदुखीची गोळी काढली. तुम्ही नेमके त्याच वेळी दारात, फरीदाबादहून धावत आलेले. माझ्या हातातली पट्टी तुम्ही ओढून घेतलीत. "ही नाही. पॅरासिटमॉल, बस. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत दुसरी कुठलीही गोळी द्यायची नाही, रक्तस्राव वाढतो." मला अपमान वाटला. बापाच्या हातातून गोळी काढून घेतात म्हणजे काय? तपासणीत डेंग्यूच निघाला.

चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला. सुनंदाने देवाला साखर ठेवली, मऊ भात टाकला. मी ऑफिसला निघायची तयारी केली. तुम्ही एकटेच तिच्या पलंगाशी बसून राहिलात. "पोटात दुखतंय का ग?" तिने मान हलवली. दोनदा उलटी झाली होती, आम्हाला वाटलं भात बाधला. तुम्ही उठलात. "चला. आत्ता. ताप उतरला म्हणून नाचू नका, खरी काळजी आता सुरू होते." आम्ही उद्या बघू म्हणत होतो. तुम्ही तोवर रिक्षा बोलावलीत. डॉक्टर नंतर म्हणाले की वेळेवर आणलंत. वेळेवर म्हणजे किती वेळेवर, ते विचारायचं मला धैर्य झालं नाही.

त्याच दुपारी वॉर्डाबाहेर डॉक्टरांनी विचारलं, "कहीं बाहर गए थे?" सुनंदा म्हणाली, केरळ. आणि सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळल्या. तुम्ही बोटांवर दिवस मोजायला लागलात. परतल्याची तारीख, तापाची तारीख. तुमचा अंगठा दहाच्या पुढे गेला आणि थांबला. केरळातला डास असता तर ताप बहुतेक आधीच यायला हवा होता. तुम्ही वर बघितलंत, ते सरळ माझ्याकडे. मी नजर खाली घातली.

सुनंदा रडत होती. "तुम्हीच ती पाण्यातली जागा शोधलीत, दाजी. माझी पोर..."

तुम्ही बोटं मिटलीत. "हो. जागा मीच निवडली होती," म्हणालात.

मग म्हणालात, मी घरून तिचे कपडे आणतो, किल्ली द्या. तेव्हा मला परात आठवली. खिशातला हात खिशातच राहिला. तुम्ही हात पुढे करून उभे. मी किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला घरी गेलो. बाल्कनीत परात उपडी होती. कोरडी, आणि काठापर्यंत घासलेली, कारण अंडी काठाला चिकटून राहतात हे तुम्हीच आम्हाला शंभरदा सांगितलं होतं. कुंड्या भिंतीशी ओळीने, मातीत बेताचं पाणी. खालच्या मजल्यावरच्या मुलालाही त्याच सुमारास डेंग्यू झाला होता, म्हणजे आजारही इमारतीतच होता आणि तो पसरवणारे डासही. चिठ्ठी नव्हती. तुम्ही कधी विषयही काढला नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, "पुरावा काय, मोहनराव? कुठला डास कुठे चावला, कोण छातीठोक सांगणार?" बरोबर आहे. पण परातीतलं पाणी तुम्ही टॉर्च लावून बघितलं असणार, आणि मी तुमच्या नजरेला नजर दिली नाही. मला एवढा पुरावा पुरतो.

मुक्ता बरी झाली, तेव्हाच सांगायला हवं होतं. आधी वाटलं, तिला घरी येऊ दे. मग वाटलं, सुनंदा जरा शांत होऊ दे. मग तर सांगण्यासारखं काही राहिलंच नाही असं मी स्वतःला पटवलं. सुनंदाने जाहीर केलं होतं की पुन्हा ताई-दाजींबरोबर प्रवास नाही. पुढच्या एलटीसीला आम्ही जैसलमेरला गेलो, जिथे पाणीच नाही. तुम्ही कुठेच गेला नाहीत. तरी निघायच्या आदल्या दिवशी तुमचा फोन आला. कूलर, बादल्या, फ्रिजचा ट्रे, बशा. त्या वेळी मी फोन हातात धरून घरभर फिरलो, टॉर्च लावून प्रत्येक वस्तू बघितली आणि मगच "हो" म्हटलं. तेव्हापासून प्रत्येक प्रवासाला तसंच. तुम्हाला ते कळत असणार. एकदा कमोडचं झाकण बंद केल्याचा आवाज फोनवर गेला आणि तुम्ही नुसते हसलात.

मुक्ताच्या मनात मात्र असलं काही नव्हतं. नोकरीच्या कामाला व्हिएतनामला निघाली तेव्हा फोन मला नाही, तुम्हाला. ऑफिसात सांगायची, "मेरे मौसाजी मच्छरों के स्पेशलिस्ट हैं." तुम्ही तिला खिडकीला जाळी असलेली किंवा एसी असलेलीच खोली घ्यायला लावलीत, टेबलाखाली घोटे झाकायला सांगितलेत, आणि परत आल्यावर पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरला "मी कुठे गेले होते" हे पहिलं सांगायचं, हे पाठ करून घेतलंत. ती सगळं पाळते. माझं एक ऐकत नाही.

आणि गेल्या दिवाळीत, फराळाचं ताट मांडीवर घेऊन तुम्ही मला म्हणालात, "मोहनराव, आपलं अंदमान राहिलं हो." मी म्हटलं, बघू. तुम्ही माझ्याकडे बघत थांबलात. चकली तुमच्या हातात तशीच होती. तुम्ही मला जागा करून दिली होती, मला ते तेव्हाही कळलं. मी आमच्या नव्या सहसचिवांची गोष्ट सांगायला लागलो. तुम्ही चकली खाल्लीत आणि म्हणालात, "अच्छा? असं म्हणाले?" दिगंबरराव, इतकं सभ्य असू नये माणसाने.

तेराव्याला मी गच्चीवरून खाली आलो तेव्हा तुमच्या आठवणी निघाल्या होत्या. नात्यातले एक काका म्हणाले, "माणूस डासांचा एवढा मोठा तज्ज्ञ, पण मेव्हणीच्या पोरीला नेमकं डेंग्यूच्याच घरात नेऊन उतरवलं!" सगळे हसले. प्रेमाने हसले, वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. उषाताईही डोळे पुसता पुसता हसल्या. आणि माझ्या लक्षात आलं की आता हे असंच राहणार. तुम्ही किती गावं, किती कूलर, किती टायर तपासलेत ते कुणाला आठवणार नाही. हा विनोद मात्र लग्नामुंजींत सांगितला जाईल.

परतताना मेट्रोत मी सुनंदाला सांगितलं. मेट्रोत, कारण तिथे ती ओरडू शकत नाही. परात, कुंड्या, फोनवरचं खोटं, तुमची मोजलेली बोटं, सगळं. बदरपूर आलं, दार उघडलं, ती उठली आणि उतरली. मी मागे धावलो. ती जिने चढून पलीकडच्या फलाटावर गेली आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसली. मी शेजारी बसलो तर उठून समोर बसली. असे आम्ही पुन्हा फरीदाबादला पोचलो.

उषाताई स्वयंपाकघरात उरलेलं अन्न डब्यांत भरत होत्या. "काय विसरलात?"

"हे सांगतील," सुनंदा म्हणाली. "अहो, सांगा."

मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं. ताईंनी हातातल्या डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

"हे मला पण नाही सांगितलं ह्यांनी," त्या म्हणाल्या.

"ताई, मी..."

"थांबा. मी काय केलं माहितीये का तुम्हाला? दर सुट्टीत हे नकाशा काढून बसायचे. आणि मी म्हणायचे, राहू द्या, तुमची निवड बघितलीय आम्ही. दर वेळी म्हणायचे. मग नकाशा गुंडाळून ठेवायचे. एक शब्द नाही. मला वाटायचं, चूक कळलीय म्हणून गप्प बसतात." त्यांनी डबा बाजूला सारला. "अकरा वर्षं मीच बोलले त्यांना, मोहनराव. सगळ्यांपेक्षा जास्त मी बोलले. आता मी कुणाला जाऊन सांगू?"

तुम्ही कुठे जात नव्हतात तेव्हा मला वाटायचं, तुम्ही आळशी झालात. खरंच तसं वाटायचं. त्या नकाशाचं मला काही माहीत नव्हतं. मी माझी लाज वाचवली असं समजत होतो, आणि तिची भरपाई तुमच्या घरात, तुमच्या स्वतःच्या बायकोच्या तोंडून होत होती. मी तिथेच खाली फरशीवर बसलो. दोघी बहिणींपैकी कुणी मला ऊठ म्हणालं नाही.

बऱ्याच वेळाने ताईंनी चहा टाकला. तीन कप टाकला, तेव्हा मला जरा श्वास आला. कप माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "तुम्ही सरकारी माणूस ना? तोंडी नाही चालणार मला. लेखी द्या. ह्यांच्या नावाने द्या. आणि ते 'असे निदर्शनास आले आहे' वगैरे बिल्कुल नको. कुणी केलं ते स्पष्ट लिहा. मी फोटोसमोर मोठ्याने वाचणार, आणि मग आपल्या ग्रुपवर टाकणार. आज जे जे हसले त्या सगळ्यांना जाऊ दे."

"मुक्ता पण आहे त्या ग्रुपवर," मी म्हटलं.

"मग?" सुनंदा म्हणाली.

म्हणून हे सारं. मुक्ताला मी वेगळं काही सांगितलेलं नाही, तिलाही सगळ्यांबरोबर इथेच कळेल. ती काय म्हणेल याची मला भीती वाटते, आणि वाटू दे. आजपर्यंत मी हजारो टिप्पण्या लिहिल्या, पण एकीतही "मी" हा शब्द नव्हता, त्यामुळे हात अडखळतोय. तरी लिहितो.

परातीत पाणी मी भरलं. फोनवर तुमच्याशी खोटं मी बोललो. दवाखान्यात नजर मी खाली घातली, आणि नंतर अकरा वर्षं गप्प मी राहिलो. तुम्ही माझी मुलगी वाचवलीत आणि वर तिच्या आजाराचा दोषही घेतलात. तुमची काहीही चूक नव्हती. केरळातली ती जागा उत्तम होती, दिगंबरराव. आठ दिवसांत आपल्यापैकी कुणालाही तिथे एकसुद्धा डास चावला नाही.